खंडेनवमीला ठेवलेली गाडी

१२ ऑगस्ट, मंगळवार

परदेशातून खोकं आलं. शरतनं ते मांडीवर घेतलं, चिकटपट्टीचं टोक नखानं उकलायला बघितलं. नाही जमलं. पुन्हा बघितलं. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही. शेवटी तोच म्हणाला, "अक्का, कात्री आण की. सुम्ने, नुसती बघत बसलीयास."

बघत नव्हतेच! उगाच आरोप.

शरत माझा धाकटा भाऊ. नंजनगूडच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. सकाळच्या गाडीनं जायचा, संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन यायचा. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं — स्नायूंना हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात, एकेक करून. आधी उजवा अंगठा गेला, मग बोटं. औषधाचं विचारलं तर डॉक्टर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसले. तेच उत्तर.

खोक्यात त्याच्या रिमोटच्या गाडीचे नवे भाग आहेत. पहिल्या पगारातून घेतलेली गाडी, हातभर लांब, वर निळं प्लास्टिकचं कवच. आता ती म्हातारी झाली. मोटर मागच्या चाकांच्याही मागे बसवलेली, त्यामुळे ढुंगण जड — वळणावर गरकन फिरते. नव्या मॉडेलांत मोटर पोटात असते. जुनी गाडी उघडायची, नव्या चेसिसवर, म्हणजे सांगाड्यावर, चढवायची, मोटर पोटात आणायची, असा बेत.

"दसऱ्यानंतरच्या रविवारी क्लबची रेस आहे. त्या दिवशी ही मातीवर पळाली पाहिजे. एकदाच."

"आणि हे करणार कोण?"

"हात तुझे, डोकं माझं."

"डोकंही माझंच घे. हातांपेक्षा ते जरा बरं आहे."

हसला नाही. म्हणजे खरंच पाहिजे आहे त्याला.

१५ ऑगस्ट

सुट्टी. झेंडावंदन करून आले आणि गाडी उघडायला बसले. तीस वर्षं पोरांना न्यायशास्त्र, म्हणजे संस्कृतातला तर्क, शिकवलं, पण स्क्रू फिरवायची अॅलन की हातात पहिल्यांदा धरली. नावाप्रमाणे ती किल्ली आहे, पण कुठलंच कुलूप उघडत नाही!

स्क्रू हरवू नयेत म्हणून इडलीपात्राची ताटं घेतली. प्रत्येक खळग्यात एका जागेचे स्क्रू. शरत खुर्चीतून सांगतो, "पुढच्या चाकाचे पहिल्या खळग्यात. अक्का, दुसऱ्यात नको, ते मोटरचे आहेत!" उद्या इडल्या कशात करायच्या, ते कोणी विचारत नाही.

एक स्क्रू हट्टी निघाला. उजव्या हातानं जोर लावला, हलेना. तेवढ्यात किल्ली कधी डाव्या हातात गेली, मलाच कळलं नाही. फिरला!

शरत बघत होता. "तू डावरी आहेस?"

"होते. पाठशाळेत जाईपर्यंत."

आमचं घर राजवाड्याच्या घोडदळातलं. तलवारवाल्यांच्या घरातली पोर संस्कृत शिकायला निघाली, हेच लोकांना पुष्कळ होतं. त्यात डाव्या हातानं अक्षर काढते! गुरुजींनी लाकडी पट्टीनं आणि वडिलांनी, अप्पांनी, नुसत्या नजरेनं तो हात निजवला. तेव्हा शरत रांगत होता, त्याला कुठून माहीत असणार? मीही विसरले होते.

"मग इतकी वर्षं उजव्या हातानं कशाला झगडतीयास?" म्हणाला. "घरी तर डाव्यानं कर."

केलं. अवघ्या एका दुपारीत गाडी सुटी झाली.

२३ ऑगस्ट

काय ठेवायचं नि काय टाकायचं, यावर आज वाद. जुनं चेसिस चिरलेलं — टाकलं. पुढचे दांडे नवे. शॉक-अब्सॉर्बर नवे. जुना फक्त गिअरबॉक्स, मोटर आणि ते निळं कवच.

मी म्हटलं, "एवढं सगळं बदलल्यावर हीच गाडी, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? अवयव बदलले की अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, तोच राहतो का, यावर आमच्याकडे हजारेक वर्षं भांडणं झालीत."

"निकाल काय लागला?"

"लागला असता तर मला नोकरी असती का?"

त्यानं खाली बघितलं. स्वतःचे हात मांडीवर ठेवलेले — कोणीतरी आणून ठेवावेत तसे. म्हणाला, "मी आहे की तोच. झालं, निकाल लागला."

पुढं काम केलं नाही. सारू गरम केलं आणि त्याला भरवलं. मिरी जास्त झाली म्हणून तक्रार. बरं वाटलं.

२ सप्टेंबर

चैत्राचा बेंगळूरूहून व्हिडिओ कॉल. शरतची लेक. आई, आमची कांचन, ती चौथीत असताना गेली; तेव्हापासून तिच्या वेण्या मी घातल्या. आता केस एवढे कापलेत की वेणीचा प्रश्नच मिटला.

"पप्पा, नवीन घ्या ना, जुनं कशाला repair? अत्ते, तू सांग पप्पाला."

"तुझा पप्पा सांगून ऐकणारा असता, तर मी संस्कृत शिकवत बसले नसते, राजदूत झाले असते."

तिला मराठी निम्मी कळते, विनोद त्याहून कमी. तरी हसली. शरतनं हात टेबलाखाली ठेवलेले. फोन बंद झाल्यावर म्हणाला, "तिला दिसले नाहीत ना?"

नाही म्हटलं.

७ सप्टेंबर, रविवार

आज गाडी पहिल्यांदा पळाली!

सकाळपासून गिअरबॉक्स बसवत होते. मोटर पोटात आणायची तर तो उलटा फिरवून बसवावा लागतो — तोंड पुढे, पाठ मागे. बसवला. मोटरच्या दोन्ही वायरी होत्या तशा जोडल्या. बॅटरी लावली. अंगणात ठेवली. शरतनं रिमोट माझ्या हातात दिला. "तूच दाब."

मी चाप ओढला. गाडी पूर्ण वेगानं — मागे! वृंदावनाला धडकली, उलटी झाली, चारी चाकं आकाशाकडे, गरगर फिरताहेत. तुळशीची माती दिवाणखान्यापर्यंत. मी रिमोट टाकून "अय्यो!" करत दोन पावलं मागे, तीही गाडीच्याच दिशेनं.

आणि शरत हसला. खुर्चीत वाकडा होऊन हसला, खोकला, पुन्हा हसला. मार्चपासून हा आवाज घरात नव्हता. शेजारच्या कमलाक्षीबाई कुंपणावरून डोकावल्या — "शरत बरा झाला की काय?"

गिअरबॉक्स उलटा बसवला की चाकंही उलटी फिरतात. वायरींची अदलाबदल करायची, एवढंच. मिनिटाचं काम.

"तुला माहीत होतं?"

"सुरुवातीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सगळेजण माझ्यापुढं इतके जपून वागतात, अक्का. कुणीतरी चुकायला पाहिजे होतं."

तुळस पुन्हा लावली. एक फांदी मोडलीय.

१६ सप्टेंबर

आज रिमोटचं काम. रिमोट पिस्तुलासारखा. चाप डाव्या हाताच्या बोटानं ओढायचा, उजव्या अंगाला छोटं चाक, त्यानं गाडी वळते. शरत म्हणाला, "ते चाक काढ, डावीकडे लाव. तशी सोय आहे. बघ, दोन स्क्रू." मग गाडीचा वेगही अर्ध्यावर आणायला सांगितला — "बॅटरी टिकते."

उजवा हात गेलाय, म्हणून डाव्यानं चालवणार असेल.

पण डावा कुठं राहिलाय? काल त्या हातातून चमचा पडला. परवा उशीवरची माशीही हाकलता आली नाही. चाक त्याला फिरणार नाही. हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत असणार. बोलायचं होतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं — लहानपणी पतंग कटल्यावरही दोरा गुंडाळत बसायचा, तसा.

चाक डावीकडे लावलं. नीट बसलं. "फिरवून बघ," म्हणाला. मी फिरवलं. "हलकं आहे ना?"

"हलकं आहे."

"मग साकु, बास," म्हणाला आणि डोळे मिटले.

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. नळाचा आवाज फार उपयोगी.

२४ सप्टेंबर

श्वास लागतो. झोपताना तीन उशा. सावकाश बोलतो, वाक्याच्या मध्येच थांबतो; मी शब्द पुरवले की रागावतो. "माझं वाक्य मला संपवू दे. तू काय परीक्षा घेतीयास?"

चैत्राला कळवायचं म्हटलं. "दसऱ्याला येणारच आहे. तेव्हा बघेल." हट्ट!

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पेनं नि पुस्तकं पूजेत बसली आहेत म्हणून हे पेन्सिलीनं. शास्त्रात पेन्सिलीचा उल्लेख नाही.

देवघरासमोर पाट मांडला. लाल कापड. मधोमध पणजोबांची तलवार — दरवर्षीप्रमाणे चिंचेनं घासली, तेल लावलं. मग शरतची आयुधं: पकड, पाने, अॅलन कींचा जुडगा, रिमोट. आणि गाडी, कवचासकट. चैत्रा काल रात्री आली. तिनं लॅपटॉप आणून ठेवला. "हे माझं आयुध." त्यालाही गंध लावलं.

मी गाडीवर हळदकुंकू घातलं, अक्षता टाकल्या. शरत ओरडला, म्हणजे जेवढं ओरडता येतं तेवढं, "गिअरबॉक्समध्ये तांदूळ गेला! अक्का, बेअरिंगचा भात करतीयास का?"

एकच काम राहिलंय. मागच्या शॉक-अब्सॉर्बरचा एक स्क्रू. सकाळी पूजेची घाई, मनात म्हटलं मग लावीन. आणि पूजा झाल्यावर लक्षात आलं — आता हात लावता येत नाही! पूजा झाली की दुसऱ्या दिवशी घरातला कर्ता पुरुष आधी तलवार उचलतो, त्यानंतरच बाकीच्यांनी आपापलं उचलायचं. आमच्या घरात हा एकच नियम कोणी कधी मोडला नाही. अप्पा असेपर्यंत ते, मग शरत.

चैत्रानं विचारलं, "उद्या पप्पा कसे उचलतील?"

मुलीला एका रात्रीत सगळं दिसलं होतं.

शरत म्हणाला, "मी बोटं लावतो. अक्का खालून धरेल. उचललं असंच म्हणायचं."

"नियम काय सांगतो बघते," मी म्हटलं.

"नियम तूच की," म्हणाला.

उद्या उचलायचं. मग तो स्क्रू. मग रविवार.

२ ऑक्टोबर

सकाळी चहा भरवताना श्वास अडकला. ओठ निळे. चैत्रानं अॅम्ब्युलन्स बोलावली. दसऱ्याच्या मिरवणुकीचे रस्ते सोडून, मागच्या गल्ल्यांतून गेलो. पोचलो वेळेत. अतिदक्षता विभाग.

तलवार पाटावरच.

५ ऑक्टोबर, रविवार

तोंडावर मास्क. बोलता येत नाही. बोटं हलत नाहीत. भुवया हलतात — एकदा हो, दोनदा नाही. कधी काळी मुलांना विकल्प शिकवायचे. सगळं भुवयांवर येईल, असं वाटलं नव्हतं.

श्रीनिधी आला होता, क्लबचा. आजच रेस. काचेबाहेर हातात टोपी घेऊन उभा. मला काहीतरी सांगायला लागला, "अक्का, सरांनी मला —" तेवढ्यात नर्सनं सगळ्यांना हाकललं.

मी आत गेले. शरत माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. त्या हातात पिशवी होती. पाणी हवंय का, विचारलं. भुवया दोनदा. पाय चोळू? दोन. मग डोळे मिटले, दमला.

काय हवं होतं त्याला? नाही कळलं.

९ ऑक्टोबर

शरत गेला.

२४ ऑक्टोबर

सगळं झालं. लोक आले, जेवले, गेले. दिवाळीचे दिवे गल्लीत होते, आमच्याकडे नव्हते.

पाट तसाच आहे. झेंडू वाळून तपकिरी. गूळ मुंग्यांनी नेला. अक्षता गाडीच्या खाचांत. चैत्रा झाडू घेऊन आली आणि थांबली. "अत्ते, हे... काढू?"

"नको."

आमचे चुलते येसाजीराव आले होते. ऐंशी पार, पण आवाज परेडचा. पाट बघितला आणि तापले. "आयुधं अजून उचलली नाहीत? घरात तलवार अशी टाकून ठेवतात का! मी उचलतो. नाहीतर माझ्या पोराला पाठवतो."

"काका, या घरातलं या घरातल्या माणसानं उचलायचं."

"या घरात आता पुरुष कुठाय?"

"बाईनं उचलली तर?"

"उचलत नाहीत."

"का?"

"उचलत नाहीत!"

आयुष्यभर वादविवाद शिकवले, पण असा मजबूत पक्ष भेटला नव्हता. कारणच दिलं नाही, तर खंडन कशाचं करायचं? चहा पाजला आणि निरोप दिला.

खरं सांगायचं तर काकांचा प्रश्न नव्हताच. मी स्वतः उचलू शकत नाही. तलवार उचलली म्हणजे तो स्क्रू लावायला मोकळी झाले. स्क्रू लावला म्हणजे गाडी झाली. आणि गाडी झाली की मग काही राहत नाही. मी संध्याकाळी पाटाजवळ बसते. फक्त बसते. गाडीच्या मागच्या अंगाला ते रिकामं भोक दिसत राहतं.

५ नोव्हेंबर

चैत्रा घरून काम करते. लॅपटॉप पाटावरच असल्यानं ऑफिसनं दुसरा पाठवला. "साहेबांना काय सांगितलंस?" "देवाकडे आहे म्हटलं." हिला विनोद यायला लागलाय. मराठीही.

रात्रीच्या जेवणात म्हणाली, "पप्पा मला फोनवर हात दाखवत नव्हते. मला माहीत होतं. मी पण विचारलं नाही."

"म्हणजे आम्ही तिघंही नाटक करत होतो!"

"हो ना. Waste."

दोघी हसलो. मग दोघी नाही.

१८ नोव्हेंबर

ठरवलं. गाडी श्रीनिधीच्या क्लबला द्यायची. तो राहिलेला स्क्रू त्यानंच लावावा, आयुधंही त्यानंच उचलून न्यावीत. परक्याला नियम लागत नाही. तलवारीचं काकांच्या पोराला सांगेन. मी हरले म्हणून नाही — कंटाळले.

तसा फोन केला. रविवारी येतो म्हणाला. त्याच दिवशी पुन्हा रेस आहे, वाटेत घेऊन जाईल.

रिमोटचं चाक डावीकडे आहे, ते परत उजवीकडे करून घ्या, हे सांगायचं राहिलं. त्या चाकावर शरतचा हात एकदाही गेला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

श्रीनिधी आला. गाडी न्यायला तयार नाही. चाकाचं सांगितलं तर माझ्याकडे बघतच राहिला. "अक्का, ते सरांसाठी नव्हतंच. सप्टेंबरमध्येच मला म्हणाले होते, 'मी आता चालवत नाही. माझी अक्का डावरी आहे, तिच्यासाठी चाक फिरवून घेतोय. वेग अर्धाच ठेवतो, ती मागे पळवते.' रेसमध्ये तुमची जागा तेव्हापासून धरून ठेवलीय."

तलवार उचलली. डाव्या हातानं. जड आहे — चैत्रानं खालून धरली.

स्क्रू लावला. रेसला निघतो आहोत.